हा अमुक, नग वीस

भद्रकालीतल्या आमच्या दुकानात
ताडपत्री, तंबू, टेम्पोचं हूड,
बेदाण्याच्या शेडची जाळी, एवढंच मिळतं.
गंगापूर धरणाकडे वायनरी असलेल्या शेलारांनी
मोबाइल पुढे धरला:
दोन झाडं, मधे वाकलेलं कापड,
कापडाबाहेर एक गोरा पाय.
वीस हवेत, म्हणाले, डिसेंबरच्या आत.

मी कार्बन सरकवला, पेन झटकलं.
काय लिहू?
हॅमॉक.
ढवळू भोये कापड बेतत होता. कात्री थांबली.
हा अमुक?
मग हा अमुक म्हणजे आपली झोळीच की.

शेलारांना लागलं ते.
झोळी म्हणजे दारोदार हो.
आमच्याकडे रात्रीचे आठ हजार घेतो आम्ही,
लोक झोळीत कशाला निजतील?

त्यांची भाची ऋजुता, हॉलंडात शिकून आलेली,
ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून ताक पीत होती.
म्हणाली, मामा, शब्द त्या गोऱ्या पायाचा नाहीच.
बेटावरच्या माणसांचा होता.
विणायचे, झाडांना बांधायचे,
मुंग्या-विंचवांपासून हातभर वर निजायचे.
मग गलबतं आली.
माणसं गेली; काही तलवारीनं, काही देवीनं, काही खाणीत.
शब्द तेवढा खलाशांनी घडी घालून नेला,
आणि जहाजाच्या पोटात ओळीनं
संपलेल्या गावांच्या शब्दात झोपू लागले.
मूळ अर्थ?
कुणी म्हणतं जाळं, कुणी म्हणतं झाडाची साल.
विचारणार कुणाला.

डच लोकांच्या कानाला तो बसेना,
तर त्यांनी मोडून आपला केला:
हांग म्हणजे टांगणं, मात म्हणजे चटई.
आता शपथेवर सांगतील, घरचाच आहे.

म्हणजे हा अमुकसारखंच, ढवळू म्हणाला.
अगदी, ती म्हणाली.
फक्त तुझ्याकडे जहाज नव्हतं.

तीस वर्षं मी कापडातला झोळ काढत आलो.
झोळ पडला की पाणी साचणार,
शिवण उसवणार, गिऱ्हाईक दारात उभं.
आता वीस नग
मुद्दाम झोळ ठेवून शिवायचे.
पहिले दोन बिघडलेच. हात ताणूनच धरत होता.

शेवटी टेम्पो भरला. बिल झालं:
हॅमॉक, नग वीस, जीएसटीसकट.
उरलेलं अडीच मीटर ढवळूनं मागितलं.
कशाला रे?
पाड्यावर. रस्ता ओढ्यापाशी संपतो.
बांबू आहे, चार खांदे आहेत,
कापडच फाटतं चढावर.
वजन किती, मी विचारलं, सवयीनं.
बाई आहे, म्हणाला. दिवस भरत आलेत.

मी दुहेरी शिवण घातली,
पोटाखालून पट्टा फिरवला,
टोकं सोडली गाठीपुरती मोकळी.
बिलबुकात लिहिलं: झोळी, नग एक.
पुढचा रकाना तसाच.

माघात ती परत आली. एक कड उसवलेली.
मधोमध धुऊनही न गेलेला तपकिरी डाग,
आणि वरच्या अंगाला
बोटभर काजळ.
आता काय करता हिचं?
वाशाला बांधलीये घरात, म्हणाला,
लवकर शिवा, तो दुसरीकडं निजत नाही.

मी सुई ओवली.
नाव काय ठेवलं?
ढवळू कात्रीकडे बघत हसला.
ठेवायचंय अजून.
तोवर आम्ही अमुकच म्हणतो.