घोडी हजर

पेशवे दफ्तरात अकरा वाजता
लवाटे बाई रुमालाची गाठ सोडतात
आणि अडीचशे वर्षांची धूळ
आधी माझ्या नाकात जाते, मग डोक्यात.
मी शिंकतो. त्या म्हणतात, "कागदावर नको."

औंधच्या गुरांच्या दवाखान्यात
बत्तीस वर्षं मी ड्रेसर होतो.
मोडी मला येत नाही.
मुंग्या एकमेकींचे पाय धरून
एका ओळीत चालल्यात, एवढंच दिसतं.
बाई बोट न टेकवता वाचतात.

सन इसन्ने सबैन. हजेरीपट.
"हे साल मृगाला सुरू व्हायचं."
म्हणजे सरकारचं वर्षसुद्धा
पेरणीला विचारून उगवायचं.

आमच्या घरात सुभानजी कायम घोड्यावर.
वडील प्रत्येक लग्नात, पंगत बसली की,
त्याला उत्तरेत नेऊन मारायचे;
दर लग्नाला एक जखम वाढायची.
थोरल्या भावानं तर फ्लेक्सवर
त्याला मिशाही देऊन टाकल्यात.

"सुभानजी बिन येसाजी कानगुडे,
मौजे भूगाव, बारगीर."
संपलं.
उंची नाही, वर्ण नाही, वय नाही.
खाली मात्र दोन ओळी भरून घोडी:
कुमैत, कपाळी चांदणी, उजवा मागला पाय पांढरा,
डाव्या कानास चीर, किंमत रुपये दोनशे दहा.
ती मी लगेच ओळखली.
पांढऱ्या पायाचा खूर मऊ असतो,
नाल सारखी सैल होते.

मग अश्विन वद्य नवमी.
दसरा होऊन चौदा दिवस.
"घोडी हजर. माणूस गैरहजर.
भातकापणीस घरी गेला."
"पुढं?"
"याचे ऐवजी म्हादू बिन लिंगोजी."
"पुढं?"
पान उलटतं. पौष.
"म्हादू ठार. घोडी ठार."
घोडीचे दोनशे दहा खर्ची पडलेत.
म्हादूपुढे आकडा नाही,
कसरीनं पाडलेलं एक भोक,
त्यातून खालचं पान दिसतं.

तर मी त्या भातातून आलोय.
आंबेमोहराच्या चार खाचरांतून,
विळा घेऊन वाकलेल्या एका सकाळीतून
खापरपणजा, पणजा, वडील,
फ्लेक्सवाला भाऊ, मी.
खाचरं होती तिकडं आता लग्नाचं लॉन आहे.
गेल्या वैशाखात तिथंच जेवलो,
भात जरा कच्चा होता.

व्हरांड्यात येऊन भावाला फोन लावला.
"सापडला का?"
"सापडला."
"कुठं पडला?"
रस्त्यावर बसनं हॉर्न दिला, बरं झालं.
"नंतर सांगतो," म्हटलं.

आत बाई रुमाल बांधत होत्या.
दुसरा हवा असेल तर नवा अर्ज.
मी लिहिलं: म्हादू बिन लिंगोजी.
आडनाव, माहीत नाही.
गाव, माहीत नाही.
खाली एक रकाना:
अर्जदाराशी नातं.

पेन जेलचं आहे,
थांबलं की ठिपका पसरत जातो.