दगड लागला

मनगटातून तार आत गेली तेव्हा मी जागा होतो.
पडद्यावर माझीच नस,
कडेनं पांढरी, हंड्याच्या तळाला
चुन्याची पुटं चढतात तशी.

फुगा घातला. फुगेना.
हंचिनमनी डॉक्टर सिस्टरशी कन्नडात काही बोलले,
मग माझ्याकडे वळून,
"भरमाणी, आता ड्रिल मारतो. बारीक. हिऱ्याचं टोक."

तीस वर्षं बोअरची गाडी चालवली मी,
नंदगड, हलशी, पार अथणीपर्यंत.
तांबड्या मातीत सुर्रकन जायचं,
दगड लागला की सूर उतरायचा,
शेताच्या मालकाआधी मला कळायचं.

तसाच उतरला आत्ता, छातीत.
"दाबू नका सर," मी म्हटलं,
"टेकवा, मागं घ्या, परत टेकवा."
मास्कमागून हसले. "तेच करालोय."

येळ्ळूरच्या त्या बाईच्या परसात
चारशे फुटांवर नुसती धूळ उडाली होती.
पैसे मी फुटावर मोजून घेतले होते.

आवाज थांबला.
काळी रेघ सरकत शेवटपर्यंत गेली,
ओली, न अडता.
"नोवु इदे?" सिस्टरनं विचारलं.
"इल्ला," म्हटलं.
किती फूट झाले
ते विचारायचं राहूनच गेलं.