नवव्या नंबरचा

फायनलला मी नवव्या नंबरला होतो.
बूट बांधून बसलो, बॅटिंग आलीच नाही.
हे आधीच सांगून टाकतो,
कुणी विचारायच्या आत.

घणसोली. खाडीकडचं मैदान.
मांडवात मोटरसायकल, हँडलला झेंडूचा हार.
आम्ही मॅचवर पैसे घेणारी पोरं,
शनिवारी ऐरोली, रविवारी दिवा,
ज्याचं मानधन त्याची जर्सी.

बोलर चेंडू पाठीमागे लपवून धावायचा.
पाठीमागे चाळीची गच्ची होती.
गच्चीवर जगन, दुर्बीण,
आणि कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल:
लाल, तर हळू चेंडू.
पांढरा, तर यॉर्कर.

परेश म्हणाला होता,
"ज्याला बगायचाय त्यानं बगा,
ज्याला नाय, त्यानं नको बगू."
केवढी मोकळीक!
मी न बघणाऱ्यांतला.
मान खाली घालून बुटाची नाडी बघत होतो.
नाडी सुटलेली नव्हती.

शेवटच्या षटकात एकवीस.
दिव्याचा डावखुरा संजोग,
एरवी तुर्भ्याला वेल्डिंग करणारा,
चौथा सिक्स गेल्यावर
स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला,
घरातली गोष्ट बाहेर सांगून आलेल्या
घरच्याच माणसाकडे बघावं तसा.

गाडी विकली. सहासष्ट हजार भागिले अकरा.
बाकी शून्य.
जगनला चायनीज भेळ.
माझ्या सहा हजारांत आईला मिक्सर,
अजून चालतो, थोडा ओरडतो.

पुढच्या सीझनला दुसऱ्या गच्चीवर
सापडला तो जगनच.
कमिटीने माइकवरून नाव घेतलं,
पाच वर्षं मैदानबंदी.
जो मैदानात कधी उतरलाच नव्हता त्याला.
आम्ही खुर्च्यांवर होतो, सगळे.
टाळ्या वाजवल्या नाहीत,
एवढं मात्र केलं.

परवा रबाळे नाक्यावर संजोग भेटला.
"हल्ली टाकत नाय. खांदा गेला."
मग उगाच हात पुढे केला,
हवेतला चेंडू दोन बोटांत धरून दाखवला.
"ग्रिप तीच आहे बघ.
कुणाला वाचता आली नाय कधी.
तो एक दिवस सोडला तर."

मी नवव्या नंबरला होतो,
सांगायला तोंड उघडलं,
तोवर त्याने दोन कटिंग सांगितले होते.
माझ्या कपाकडे बोट केलं: "थंड होईल."
पैसेही त्यानेच दिले.