पापणीचा केस

रॉचेस्टर, फेब्रुवारी. बाहेर गुडघाभर बर्फ,
आत पिवळा उजेड, आणि आम्ही दोघी
नखशिखान्त झाकलेल्या.

प्रोफेसर ओकली चिप सरकवतात
सूक्ष्मदर्शकाखाली. सहा महिन्यांचे ठिपके,
इतके बारीक की सोनं लाल दिसतं.
त्यांवर आडवा पडलेला
एक ओंडका.

"पापणीचा केस," त्या म्हणतात. "माझाच."
पिवळ्या उजेडातही पांढरा.

मी सांगते, आमच्याकडे असा सापडला
की मुठीवर ठेवून फुंकर मारतात,
मनातलं मागून.

फुंकर?
इथे श्वाससुद्धा गाळून घ्यावा लागतो.

बराच वेळ त्या भिंगात बघत राहतात.
मग हातमोज्याची मूठ वळतात,
आणि मास्कच्या आत, आवाज न करता,
गाल फुगवतात.

काय मागितलं, विचारलं नाही.
उद्या पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून.