आठ कुणाचा

सियागंजात मुर्तजाभाईंनी
काचेवर तीन डबे मांडले.
निळा, परदेशी : पाचशे छर्रे, अकराशे साठ.
पिवळा : सहाशे चाळीस.
तिसऱ्याचं लेबल तिरपं चिकटलेलं,
दोनशे सत्तर, "और बेटा, तुम्हारे लिए ढाई सौ."

मी मनात भागाकार करते.
निळ्यातला एक सव्वादोनच्या वर,
तिरप्या लेबलातला पन्नास पैसे.
रोज शंभर, महिन्याचे सव्वीस दिवस,
आणि बाबा मार्चपासून घरी.
मुर्तजाभाई टोपीची सोनेरी कड सारखी करतात,
वाट बघतात. गिऱ्हाइकाच्या हिशेबात
ते कधी बोट घालत नाहीत.

बिजलपूरच्या पुढे, ट्रॅक्टर उभे करायच्या
जुन्या शेडमध्ये आमची रेंज, दहा मीटर.
रायरीकर मॅडम म्हणतात, स्वस्त घे,
पण आधी त्याला विचारून घे.

विचारायचं म्हणजे पिस्तूल शिकंज्यात आवळायचं.
माझा हात नको, माझा श्वास नको.
एका कागदावर पाच.
निळ्याची पाच भोकं
शर्टाच्या एका बटणाखाली झाकली.
पिवळ्याची जुन्या चार आण्याखाली.
पन्नास पैशांचे मात्र
दहाच्या नाण्याखालीही मावेनात,
पंगत उठल्यावर पाहुणे पांगतात तसे पांगले,
एक तर थेट पानाच्या टोकाला, हात धुवायला.

नेम चुकतो, त्याचं काही नाही.
पण कागदावर आठ आला
तर तो आठ कुणाचा?
मनगट ढळलं,
की शिशाची कड डब्यातच चेपलेली होती?
मी मनगट सुधारत बसते
आणि चूक असते कुठल्याशा कारखान्यातल्या साच्याची.
किंवा साच्याला शिव्या घालते
आणि मनगट तसंच.

एवढं सगळं कळूनही
मी तिरप्या लेबलाचे दोन डबे घेतले.
महिन्याची सत्तावीस तारीख होती.

सराफ्यात दुपारी, चाटवाल्यांच्या कढया यायच्या आधी,
मनसुख सोनींच्या पेढीवर
काचेच्या पेटीतला काटा मला मिळतो.
वारा लागू नये म्हणून ते पंखा बंद करतात
आणि स्वतः घामेजत बसतात.
याच काट्यावर गेल्या वर्षी आईच्या पाटल्या.
"चौबीस ग्राम सात सौ दस," ते सांगतात,
मी विचारलेलं नसतं.
त्या पाटल्यांचं आता पिस्तूल आहे,
आणि पाटल्यांच्या जागी
अर्ध्या ग्रॅमचं शिसं, चिमट्यानं, एकेक :
शून्य बावन्न,
शून्य बावन्न,
शून्य एकोणपन्नास. हा बाजूला.
शून्य बावन्न.
बोटं काळी होतात. चहा आला तरी
सोनी आधी साबण पुढे करतात.

हजारातून सहाशे अकरा निघाले सारखे.
तीन दुपारी गेल्या.
दुपारीचा भाव कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो,
म्हणून मीही तो धरला नाही.

रात्री फुकटचा सराव.
नळी रिकामी, दोनदा तपासलेली,
कपाटाच्या दारावर पेन्सिलचा ठिपका.
चाप, टक्.
चाप, टक्.
समोरचा काटा जरा हलला
तर तो मीच हललेली असते, दुसरं कुणी नसतंच खोलीत.
आई पलीकडून म्हणते, झोप आता.
अजून वीस, मी म्हणते, पैसे पडत नाहीत याला.

उरलेले तीनशे एकोणनव्वद
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत.
मॅडम म्हणाल्या, भंगारात दे.
मी हो म्हटलं.
दिले नाहीत.
एखाद्या दिवशी काहीच नीट होत नाही,
दोष द्यायला कुणीतरी लागतं,
त्या दिवसासाठी ते आहेत.

परवा त्यातले चाळीस काढले.