चौथी पायरी

तोर्शाव्नला भरती जवळजवळ नसतेच.
माझ्या खिडकीखालचं पाणी
कारकुनासारखं दिवसभर एका जागी बसून असतं.
म्हणून समुद्र मी आकड्यांत वाचते:
तीन बंदरांत तीन मापकं, तीन जुनी यंत्रं,
आणि याल्ग्रिमनं सी भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम.

यंत्रांवरच्या प्रणाली सख्ख्या बहिणी.
बर्कलीच्या एकाच घरातून निघालेल्या.
पुढे वाटण्या झाल्या, अबोलेही झाले.
चेहरेपट्टी तीच; पण मापकाची केबल जिथे लागते
त्या दाराला दोघी म्हणतात क्युआ,
तिसरी हट्टानं डीटीवाय.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात,
इथे तर मध्ये समुद्र.
सुदुरोयची माणसं होडीच्या शब्दातला त
इतका मऊ करतात की त्याचा द होतो.
होडी तीच. गळतेही तेवढीच.

याल्ग्रिम म्हणायचा, बहिणींच्या भांडणात पडू नये,
मॅक्रो लिहावेत.
इफडेफ: तू फ्रीबीएसडी असशील तर हे घे.
ओपनबीएसडी, तुला हे. नेटबीएसडी, तुझं ताट तिकडे.
कम्पायलर जेवायला बसण्याआधीच
प्रीप्रोसेसर येतो, नाव विचारतो,
बाकीची ताटं उचलून नेतो.
कम्पायलरला वाटतं, स्वयंपाक एवढाच होता.

सगळ्यात वर त्याचा शेरा:
आधी पॅरम डॉट एच आणा, नाहीतर घराणंच कळायचं नाही.
त्याखाली तारीख,
आणि: आज गुडघा दुखतोय.

मार्चमध्ये त्वोरोयरीचं यंत्र मिठानं खाल्लं.
नवं बसवलं. त्यावर चौथी बहीण, ड्रॅगनफ्लाय,
जिचं यादीत नावच नव्हतं.
इथूनच, दुरून, कम्पाइल केलं
आणि एल्सच्या त्या फांदीत पोचले
जिथे आजवर कुणाचं पाऊल पडलं नव्हतं.
एरर आली, आमच्याच भाषेत:
तू कोण? अंदाज बांधू नकोस. मला फोन कर.
पुढे सहा आकडे.

याल्ग्रिम जाऊन दोन हिवाळे झालेत.
तरी लावला.

"सुन्नेवा बोलतेय."
मी म्हटलं, मी रानव्हा, नंबर प्रोग्राममध्ये सापडला.
"हा फोन बंद करू म्हणत होते मी.
तो म्हणाला, एका ठिकाणी दिलाय, राहू दे."
मग जरा थांबून, "अडलंय कुठे?"
यंत्र नवं आहे, म्हटलं,
केबलच्या दाराला ते काय म्हणतं, ठाऊक नाही.
"मग त्यालाच विचार की."

विचारलं. ते क्युआच म्हणत होतं.
फोन खांद्यावर तसाच दाबून
एक एल-इफ लिहिलं, हात थोडा चुकला, पुन्हा लिहिलं.
पहिला आकडा आला: एकशे आठ.

"म्हणजे किती?" सुन्नेवानं विचारलं.
तेच मलाही विचारायचं होतं.
"थांब." चपला. ड्रॉवर. चष्मा सापडत नव्हता बहुतेक.
"धक्क्याची चौथी पायरी बुडालीय.
पाचवी नुसती ओली."

तिचा नंबर मी काढला नाही.
त्याच एररच्या ओळीत माझाही घातला.
यंत्रापर्यंत दोन्ही पोचायचे नाहीत,
वाटेतच उचलून ठेवले जातील.

नोंदवहीत एकशे आठच्या पुढे,
शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलं:
चौथी पायरी.