खोड

ऑक्टोबरचा पहिला सोमवार, पहाटे पाच चाळीस.
सरोवरावरून आलेला वारा जिमच्या दाराला
खांदा लावून उभा. किल्ली माझ्याकडे.
मी संघाची मॅनेजर. म्हणजे
बारा चेंडू, चाळीस टॉवेल
आणि जर्सीवरचे आकडे हळूहळू खाणारं
एक वॉशिंग मशीन.

आत वॉर्निशचा वास.
उन्हाळ्यात कोर्ट उखडून नवं घातलं,
मेपलच्या फळ्या, इतक्या उजळ
की छताचे दिवे पायाखाली लागलेत.
आयनो, आमचा सफाईवाला,
दारातच बूट काढून मोज्यांवर उभा.
"ये," म्हणाला, "पण हळू. झोपलीय अजून."

जुन्या जमिनीत एक मेलेली फळी होती.
डाव्या कोपऱ्यात, बेंचापासून साडेचार पावलं.
तिच्यावर पडलेला चेंडू
गुडघ्यापर्यंत यायचा आणि विचार बदलायचा.
हे ठाऊक फक्त आम्हाला.
पाहुण्या संघाला आम्ही बरोबर तिकडे रेटायचो,
हसतमुखाने,
नावडत्या पाहुण्याला डुगडुगती खुर्ची द्यावी तसं.
अकरा वर्षांत त्या फळीने किती सामने जिंकून दिले
याची नोंद कुठल्याच वहीत नाही.
मी शोधलीय.

सहाला मुली आल्या.
मार्व्हेला उन्हाळाभर फेरीबोटीवर दोर ओढून
नवे खांदे घेऊन आलेली.
ओडेट, गुडघ्यात दोन स्क्रू.
ब्रिनने केस पार बारीक कापलेत;
कुणी विचारलं नाही,
तिची आई कुठल्या वॉर्डात आहे ते सगळ्यांना माहीत.
थेया नाही. थेया पास झाली,
आता खाणीच्या गावात दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलते.
तिचा चौदा नंबर घडी करून
खालच्या कप्प्यात मीच ठेवलाय.
आणि एक नवी, लिव्ही ओयाला,
पहिल्या वर्षाची, बुटाची नाडी
तिसऱ्यांदा सोडून बांधणारी.

किवेलाबाई शिट्टी वाजवत नाहीत.
नुसत्या बघतात, आणि पोरी धावायला लागतात.
वीस मिनिटं चेंडूच नाही.
मग चेंडू.
मग डाव्या बाजूने हल्ला, एकामागून एक.

मार्व्हेला निघाली, कोपऱ्याशी आली
आणि वळसा घेतला.
ब्रिनने घेतला.
ओडेटने, स्क्रूंसकट, घेतला.
नव्या कोऱ्या फळ्यांवर
जुन्या खड्ड्याभोवती
तीन शहाण्या मुली वाकड्या धावल्या.
लाकूड नवं, खोड जुनी.

लिव्ही सरळ गेली.
तिला कोण सांगणार?
चेंडू टप्प्यावर टप्पा, कमरेएवढा उठत,
त्या साडेचार पावलांवरूनही,
आणि बोर्डाला लागून जाळीत.
कुणी टाळी वाजवली नाही.
लिव्हीने मागे बघितलं, आपलं काय चुकलं म्हणून.

ओडेट तिथे चालत गेली. चेंडू आपटला.
वर आला.
पुन्हा आपटला.
नाडी बघावी तसा तळवा धरून उभी राहिली.
"चला," किवेलाबाई म्हणाल्या,
"आता इथेही खेळावं लागणार आपल्याला."

संध्याकाळी आयनोने लाँड्रीत आणून दिली
वर्तमानपत्रात गुंडाळलेली
हातभर फळी. तीच. फेकवली नाही म्हणाला.
मी ती सिमेंटवर ठेवली,
वरून चेंडू सोडला.
चांगला छातीपर्यंत आला.
दुसऱ्यांदाही.
"तिच्यात खोट नव्हतीच," आयनो म्हणाला,
"खाली पोकळी होती. आधाराचा वासा कुजलेला."
आणि मॉप घेऊन निघून गेला,
जणू काही विशेष बोललाच नाही.

अकरा वर्षं आम्ही तिला मेलेली म्हणत होतो.

मशीन थांबलं. टॉवेल मोजले, एकोणचाळीस.
दिवे मालवले, एक सोडून,
चेंडूंची गाडी ढकलत
रिकाम्या कोर्टावरून कपाटाकडे निघाले.
डाव्या कोपऱ्याशी
माझीही चाकं
वळली.